तिसऱ्या रांगेची दमयंती

दमयंतीच्या मते बोईसरमध्ये डॉक्टरांचे दोनच प्रकार होते. हात लावून बघणारे आणि लांबून बघणारे. एमडी, बीएएमएस, बीएचएमएस ही सगळी अक्षरं म्हणजे पाटी रंगवणाऱ्याची सोय, असं ती म्हणायची. नवीन डॉक्टरकडे जाऊन आली की थेट माझ्या मेडिकलच्या काउंटरवर कोपरं टेकायची आणि निकाल जाहीर करायची.

"वैनी, ह्यो पन लांबून. नळी माझ्या छातीला लावली तवा त्याची खुर्ची मागं भिंतीला टेकलेली. मी बोलली, डाक्टर, अजून जरा मागं सरका, माकुणसारवरून ऐका."

माकुणसार तिचं गाव. "घर हाय तिथं माझं," ती सांगायची, "पन मी घराला नाय." एवढं बोलून विषय बदलायची.

मी सांगलीकडची. लग्न होऊन बोईसरला आले. डी.फार्म. झालेलंच होतं, तेव्हा नवऱ्याने बेटेगावच्या रस्त्याला एक गाळा घेऊन मला मेडिकल टाकून दिलं आणि स्वतः कारखान्याच्या पाळ्यांमध्ये अडकला. दुकानामागच्या चाळीतली पहिली खोली दमयंतीची. उंच, रुंद खांद्यांची, कपाळावर ठसठशीत कुंकू, साडी कायम कडक इस्त्रीची. पन्नाशीच्या अलीकडे की पलीकडे, याचा पत्ता तिने कुणाला लागू दिला नाही. ती तृतीयपंथी आहे हे मात्र कुणाला शोधून काढावं लागत नसे. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं, "वैनी, लोक माझ्यामागं जे काय बोलतात ना, ते सगळं मी हाय. आता तू तोंडावर दमयंती बोल, म्हंजे दोगींचा टाइम वाचंल."

नाव तिने स्वतःच निवडलेलं. आपलं नाव आपणच ठेवायचं तर मग राजकन्येचंच का ठेवू नये, असा तिचा हिशेब. पुढे तारापूरच्या कारखान्यांच्या धुराने तिला दमा जडला तेव्हा ती म्हणाली, "नाव ठेवलं तवा काय ठावं, आत दमा दडून बसलाय. नायतर शकुंतला नसतं ठेवलं?"

तिला एक विचित्र शौक होता. औषधाच्या खोक्यात ती घडी घातलेली बारीक अक्षरांची चिठ्ठी असते ना, दुष्परिणामांची, ती माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हजर. "वाच गो." मी वाचायचे, मराठी करून. मळमळ. चक्कर. अंगावर पुरळ. ती भुताची गोष्ट ऐकावी तशी डोळे मोठे करून ऐकायची. "क्वचित मृत्यू" आला की खूश. "क्वचित म्हंजे आपला नंबर नाय. आपल्याला कंदी काय क्वचित मिळालंय?"

पोटापाण्याला ती डबे करायची. पहाटेपासून तिच्या खोलीत स्टोव्हचा आवाज, आणि पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत दारात डब्यांची उतरंड. यूपी-बिहारची पोरं, साताऱ्याची पोरं, सगळी तिच्या हातचं खाऊन कारखान्यात जायची. "मौसी, आज सब्जी में क्या है?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "सब्जी में सब्जी है. मुर्गी चाहिये तो शादी कर." लग्नसराईत ती बधाईला, म्हणजे टाळ्या वाजवून आशीर्वाद द्यायला जायची, पण मन डब्यातच. आणि तिच्या हाताला एक गोष्ट अशी जमायची की तिचं नाव अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. सुक्या बोंबलाची चटणी.

आता तो खुर्ची भिंतीला टेकवणारा डॉक्टर. स्टेशनच्या बाजूला त्याचा दवाखाना, नाव कशाला घेऊ. त्याचा कंपाउंडर दमयंतीकडून रोज दोन डबे न्यायचा. तिला वाटायचं, एक तो खातो आणि एक घरी नेतो. एक दिवस कंपाउंडर सहज बोलून गेला, "मौसी, चटणी जरा जास्त घाला. साहेबांना फार आवडते."

त्या दिवशी दमयंती दुकानात आली ती हसत, आणि हसता हसता तिला एवढी धाप लागली की मला दम्याचा पंप काढून द्यावा लागला. दोन झुरके घेऊन पुन्हा हसायला लागली. "वैनी गो! हात लावत नाय, पन हातचं खातो!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती स्वतःच डबा घेऊन दवाखान्यात गेली. पुढचं मी पाहिलं नाही, पण तिने ते इतक्या वेळा करून दाखवलं की पाहिल्यासारखंच आहे. डॉक्टर टेबलावर पेपर पसरून जेवत होते. सकाळी कंपाउंडरने नेलेला डबा उघडा, बोटं लाल. दमयंती दारात उभी.

"डाक्टर, मीठ बराबर हाय ना?"

डॉक्टरांच्या तोंडात घास. त्यांनी तिच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. सगळं कळलं. इथे दमयंती गाल फुगवून, डोळे गरागरा फिरवून डॉक्टर व्हायची. गिळावा की थुंकावा, थुंकावा की गिळावा. "शेवटी गिळला बिचाऱ्यानं. शिकलेला मानूस, अन्न वाया घालवत नाय."

मग काही दिवस कंपाउंडर एकच डबा न्यायला लागला. आणि एके सकाळी मान खाली घालून म्हणाला, "मौसी, दोन." तिने दोन काढून दिले. मी चिडून विचारलं, कशाला देतेस त्याला? ती म्हणाली, "माझ्या हातानं त्याचं पोट सुधरलं. त्याच्या हातानं माझं काय सुधरलं नाय, पन म्हनून मी माझा हात कशाला बिघडवू? आनि चटणी जरा तिखट करते आता."

हसणं ठीक होतं. पण दवाखान्यात तिच्या वाट्याला काय यायचं, ते मी एका हिवाळ्यात पाहिलं. हवेत कारखान्यांचा वास जमिनीलगत बसून राहिलेला. सकाळी चाळीतली एक बाई धावत आली, मौसीला श्वास घेता येत नाहीये. मी शटर ओढलं, रिक्षा केली आणि तिला एका मोठ्या खाजगी दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या मुलीने नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "पेशंट मेल की फीमेल?"

दमयंतीला बोलता येत नव्हतं. तिने नुसतं छातीकडे बोट दाखवलं, म्हणजे आधी हे बघा. मुलीला भलतंच वाटलं. ती लाजून कॉम्प्युटरमध्ये बघायला लागली.

बायकांच्या वॉर्डात नेलं तर दोन पेशंटच्या नातेवाइकांनी आवाज चढवला. पुरुषांच्या वॉर्डाकडे खाट वळवली तेव्हा दमयंतीने दाराची चौकट धरून ठेवली. शेवटी तिची खाट मधल्या बोळात, पाण्याच्या मशीनशेजारी लावली आणि वाफेचा मास्क तोंडाला बांधला. त्या दिवशी त्या मजल्यावर सगळ्यांना भयंकर तहान लागली. जो तो बाटली घेऊन यायचा, भरायचा, बघायचा, ओतून पुन्हा भरायचा.

एक तरुण डॉक्टर आला. त्याने कागद बघितले, तिच्याकडे बघितलं, पुन्हा कागद. मग आवाज बारीक करून विचारलं, "ऑपरेशन झालंय का?"

"कसलं?"

"म्हणजे... खालचं."

दमयंतीने मास्क वर सरकवला. बोलायला हवा नव्हती, पण हे वाक्य सोडणं तिला शक्य नव्हतं. "डाक्टर, खोकला वरून येतो."

बाटलीवाल्यांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टर लाल झाला. "हिस्टरी घ्यावी लागते," म्हणाला. "सांगते ना सगळी," ती म्हणाली, "जन्मापासून सांगते. पन आधी श्वास दे."

दिला, हे कबूल केलं पाहिजे. इंजेक्शनाचं औषध सलाइनमधून गेलं, संध्याकाळपर्यंत छाती मोकळी झाली. घरी येताना रिक्षात तिने त्या मजल्यावरच्या प्रत्येक तहानलेल्याची नक्कल केली. पण त्यानंतर धाप लागली तरी तिने पुन्हा दवाखान्याचं नाव काढलं नाही. माझ्याकडून पंप न्यायची आणि मी काही बोलायच्या आत म्हणायची, "काय नाय, मसाला गेला घशात."

आता नगमाचं सांगायला हवं. नगमा मनोरची, हायवेलगत एका खोलीत राहायची. दमयंतीची मैत्रीण, बहीण, वैरीण, सगळं काही. ही दांडगी तर ती काडी. ही बोलली की रस्ता ऐकायचा, ती बोलली की कान पुढे न्यावा लागायचा. आठवड्यातून एकदा बोईसरला यायची, दोघी भांडायच्या, एकमेकींच्या साड्या पळवायच्या, आणि मनोरची गाडी सुटेपर्यंत एकमेकींचे केस विंचरत बसायच्या.

नगमा एकदा पोटदुखीने एका दवाखान्यात भरती झाली होती. ती अर्धवट ग्लानीत होती. तिथल्या दोन कामगारांनी तिच्या अंगावरची चादर उचलून बघितलं, आणि मग आणखी दोघांना बघायला बोलावलं. तिने दमयंतीला तेव्हाच सांगून ठेवलं होतं की यापुढे आपण दवाखान्याची पायरी चढणार नाही.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा नगमाला ताप आला. दमयंती मनोरला गेली. मी बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र पाठवलं होतं. फोनवर आकडा ऐकला आणि ओरडले, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. मागून नगमाचा आवाज मला ऐकू येत होता. "वहाँ नहीं, दीदी. यहीं ठीक हूँ." दमयंतीने शिव्या दिल्या, हातापाया पडली, शेवटी तिला उचलून रिक्षात घालायला गेली. नगमाने खाटेचा गज धरला तो सोडला नाही. काडीसारख्या बाईत एवढा जोर कुठून आला, असं दमयंती नंतर कितीदा तरी म्हणाली. दुपार उतरता उतरता नगमा गेली.

दमयंती परत आली आणि दुसऱ्या सकाळी नेहमीसारखे डबे केले. एकाही डब्यात मीठ नव्हतं. सगळे डबे रिकामे होऊन परत आले.

माझ्या काउंटरपाशी ती उभी राहिली. कोपरं टेकली नाहीत. म्हणाली, "वैनी, रोगानं नाय मेली ती. चादरीनं मेली."

त्यांच्या मंडळीत तेव्हा लस घ्यायला कुणी तयार नव्हतं. लसीने हार्मोनच्या गोळ्यांचा असर जातो, लसीच्या नावाखाली नावं लिहून घेऊन उचलून नेतात, आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे लस घेतली की आशीर्वाद लागत नाहीत. दमयंती स्वतःही "पुढच्या आठवड्यात बघू" करत आली होती. आता तिने साडी बदलली, आधार कार्ड पदराला बांधलं आणि माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "चल गो, टोचून येऊ."

केंद्र जवळच्या शाळेत होतं. पटांगणात दोन रांगा, एक पुरुषांची, एक बायकांची. दमयंती बायकांच्या रांगेत उभी राहिली. एक स्वयंसेवक आला, गळ्यात ओळखपत्र, हातात शिट्टी. "तुम्ही तिकडे." ती तिकडे गेली. तिकडच्या स्वयंसेवकाने परत इकडे पाठवलं. इकडच्याने पुन्हा तिकडे. उन्हात दोन फेऱ्या झाल्यावर ती दोन रांगांच्या बरोबर मध्ये थांबली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून जाहीर केलं,

"ही तिसरी लाइन. कोनाला घाई आसंल तर मागं या."

लोक हसले. शिट्टी वाजली. एवढ्यात बायकांच्या रांगेतून एक ठेंगणी मावशी पिशवी सावरत निघाली आणि दमयंतीच्या मागे येऊन उभी राहिली. "इकडं लौकर होतंय का?" तिने विचारलं. "आत्ताच उघडलीय," दमयंती म्हणाली. मग कारखान्याचा एक मुकादम आला, घड्याळ बघत. त्याच्यामागे दोन पोरं, एक नवरा-बायको. शिट्टीवाला ओरडत होता, ही लाइन नाहीये, ही लाइन नाहीये. पण रांग दिसली की उभं राहायचं, हा आपल्या लोकांचा धर्म. बघता बघता तिसरी रांग पटांगणाच्या फाटकापर्यंत गेली आणि तिच्या तोंडाशी दमयंती, लग्नात वरमाय उभी राहावी तशी.

शेवटी आतल्या डॉक्टरबाईंनी वैतागून सांगितलं, तिन्हीतून एकेक घ्या.

आत टेबलावर एका मुलाने आधार कार्ड बघून हाक मारली, "दामोदर! दामोदर कोण?"

हाक पटांगणापर्यंत गेली. मग मागून खसखस. मी दमयंतीकडे बघायचं टाळलं. ती पुढे झाली, टेबलावर वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दामोदर कामाला गेलाय, बाला. सुई मला दे, त्याला पोचतंय."

तो मुलगा आधी बघतच राहिला आणि मग इतका हसला की त्याचा मास्क घसरला. त्याने कॉम्प्युटरमध्ये काय काय दाबलं आणि म्हणाला, "मावशी, इथे 'इतर' असं आहे. ते टाकू?" "टाक," दमयंती म्हणाली. "आमच्याशिवाय ते बटन कोनासाठी ठेवलंय?"

एवढी लढाई जिंकून दमयंती खुर्चीत बसली. लस टोचणाऱ्या पूनम सिस्टरने सिरिंज हातात घेतली. आणि दमयंती उठून दाराकडे निघाली.

मला वाटलं सिस्टर काही बोलली. तसं काही नव्हतं. दमयंती पांढरीफटक पडली होती. माझा दंड धरून म्हणाली, "वैनी, मला सुईची लय भीती वाटते."

"सलाइन घेतलंस की तेव्हा!"

"तवा मी मरत होती. आता चांगली धडधाकट हाय."

बाहेर तिची रांग खोळंबलेली. मुकादम आत डोकावून म्हणाला, "मौसी, लवकर करा ना." पूनम सिस्टर बावीस-तेवीस वर्षांची, वसईकडची मुलगी. ती उठून आली, दमयंतीचा हात धरला, तिला खुर्चीत बसवलं आणि हात धरूनच ठेवला. दमयंतीने डोळे मिटले आणि सुई लागायच्या आधीच अशी किंकाळी फोडली की तिसऱ्या रांगेतले दोघे जण घरी निघून गेले.

घरी येताना ती दंड चोळत होती. मग म्हणाली, "हात थंडगार होता गो पोरीचा. पन सोडला नाय." बोईसरच्या डॉक्टरांच्या आपल्या वर्गवारीत तिने एका नर्सला बसवलं, वरच्या रांगेत.

पुढचे कितीतरी दिवस तिने आपल्या मंडळींना त्याच केंद्रावर नेलं. बोईसरच्या, पालघरच्या, हायवेवरच्या. कुणी आशीर्वाद लागणार नाहीत म्हणून मागे सरलं की म्हणायची, "आता तरी कुठं लागतात? त्या प्लायवूडवाल्याला मी दर दिवाळीला मुलगा होऊ दे बोलते. चार मुली झाल्या. चारी त्याच्यापेक्षा हुशार. चुकीचा आशीर्वाद लागला नाय तेच बरं झालं." ती स्वतः मात्र टेबलाकडे पाठ करून उभी राहायची. दुसऱ्याला टोचतानाही तिला बघवायचं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर पूनम सिस्टर माझ्या दुकानात आली. मनोरच्या बाजूला एका आदिवासी पाड्यावर लसीची गाडी दिसली की लोक दारं लावून घेत होते, नाहीतर रानात निघून जात होते. "मौसी, तुम्ही याल का?"

दमयंती म्हणाली, "पोरी, मला बघून लोक पळतात. आनि तू मला पळालेल्यांना आनायला नेतेस?"

पण गेली. रविवार होता म्हणून मीही गेले. पाड्यावर पोचलो तर दारं बंद, अंगणात कोंबड्या तेवढ्या. सिस्टरने दोनतीन हाका मारल्या. दमयंती चिंचेखाली बसली, डबा उघडला आणि भाकरीबरोबर बोंबलाची चटणी खायला लागली. वास पाडाभर गेला. थोड्या वेळाने एक दार उघडलं आणि एक म्हातारी बाहेर आली. लुगडं गुडघ्यापर्यंत, हातात विळा. लखमीआजी. ती समोर उभी राहून दमयंतीला न्याहाळत राहिली.

"तू बाय हायस का बाप्या?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तू भुकेली हायस."

दमयंतीने डबा पुढे केला. आजी उकिडवी बसली, बोटाने चटणी चाखली. "सुई तू घेतली?"

"घेतली."

"मेली नाय?"

"मेलेली बाय बोंबील खाते काय गो?"

आजीने विचार केला. मग विळ्याने जमीन उकरत म्हणाली, "मागं सुनेला दवाखान्यात नेली ती. बाकावर बसली तर उठवली. सिस्टर बोलली, खाली बस. सुई द्यायला आमच्या दारात येतात, मंग बाकावर का नाय बसवत?"

पूनम सिस्टर खाली बघायला लागली. दमयंती म्हणाली, "मला तर खाली पन बसवली नाय. पान्याच्या मशीनजवळ ठेवली. सगळे पानी भरायला यायचे नि मला बघायचे."

"माझ्या सुनेला बोलली, वास येतो."

"माझा वास घ्यायला कोन जवळच आला नाय."

आजी हसायला लागली. दात नव्हते, सगळं तोंडच हसलं. दमयंतीला चेव चढला. एक हिने सांगायचं, एक तिने. कुणाला किती वेळ थांबवलं, कुणाला काय म्हणाले, औषधाची चिठ्ठी कुणाकडे फेकली. दारं एकेक करून किलकिली झाली, बायका उंबऱ्यावर येऊन ऐकायला लागल्या आणि आपापली भर घालायला लागल्या. ते सगळं वाईट होतं आणि मी पूर्वी कधी इतकी हसले नव्हते.

सिस्टरकडे प्लास्टिकची एकच खुर्ची होती, तिची स्वतःची. ती उठली, खुर्ची आजीसमोर ठेवली आणि आपल्या ओढणीने पुसली. "बसा आजी."

आजी बसली. टोचून घेतलं, हूं की चूं नाही. दमयंती चिंचेच्या खोडाकडे तोंड करून उभी. टोचून झाल्यावर सिस्टर म्हणाली, झालं आजी, उठा. आजी उठेना. "जरा बसू दे," म्हणाली. तिच्यामागच्या बायका थांबल्या. त्यांनाही ते पटलेलं दिसलं.

अर्ध्या पाड्याने त्या दिवशी लस घेतली. अर्ध्याने दार उघडलं नाही. दमयंती गाडीत बसताना बंद दारांकडे बघून ओरडली, "मी परत येईन! आनि मंग नाचीन!" पुढच्या खेपेला म्हणे आणखी काही दारं उघडली. भीतीने की नाच बघायला, ते सिस्टरला सांगता आलं नाही.

दोन-तीन वर्षं गेली. एक दिवस दमयंतीला तिच्या भावजयीचा फोन आला. माकुणसारहून. आई वाडीत पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. भाऊ कामाला लांब गुजरातेत. भावजय एकटी, दोन लहान मुलं, आणि दवाखान्यात कुणी नीट बोलत नव्हतं. वयात येता येता दमयंतीने घर सोडलं, त्या दिवसापासून आई तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. भाऊ अधूनमधून चोरून फोन करायचा, तेवढंच.

"काय म्हणाली भावजय?" मी विचारलं.

दमयंती काउंटरवर कोपरं टेकून हसली. "बोलली, ताई, तुमाला दवाखान्यात भांडता येतं. बघ वैनी, माझी डिग्री कुठवर पोचलीय."

डबे तिने शेजारच्या बाईकडे सोपवले आणि गेली. चटणीची कृती मात्र दिली नाही. महिन्याभरात येते म्हणाली, पण आली नाही. फोनवर सांगायची, म्हातारी बोलत नाय, नुसती बघते. अंघोळ घालते तर बघते, भरवते तर बघते. "डाक्टर बरे गो, निदान लांबून बघतात. ही जवळून बघते."

त्यानंतर मला ती एकदाच दिसली. माझी नणंद पालघरला एका दवाखान्यात होती, तिला बघायला मी गेले होते. केसपेपरच्या खिडकीशी ही गर्दी. गर्दीच्या वरून एक ओळखीचं डोकं दिसलं. दमयंती. समोर चाकाच्या खुर्चीत एक चिमुकली म्हातारी, डोक्यावरून पदर, हनुवटी पुढे काढलेली. मी हाक मारणार तेवढ्यात खिडकीतल्या माणसाने विचारलं,

"पेशंटबरोबर कोण आहे?"

"मी," दमयंती म्हणाली.

"नातं काय?"

जिला कुठल्याही खिडकीवर शब्द कमी पडला नव्हता, ती आईच्या डोक्याकडे बघत उभी राहिली. मागचे लोक चुळबुळायला लागले.

"लेक हाय," म्हातारी म्हणाली.

खिडकीतल्याने मान वर केली. दमयंतीला खालपासून वरपर्यंत बघितलं. "लेक म्हणजे मुलगा की मुलगी? नीट सांगा, आजी."

"नीटच सांगते. तुला काय करायचंय रं? लगीन लावायचंय काय तिच्याशी?"

सगळी रांग हसली. खिडकीतला माणूसही ओठ दाबून काहीतरी लिहायला लागला. दमयंती हसली नाही. ती खाली वाकली, आईचे पाय खुर्चीच्या पट्टीवर नीट ठेवले. ते नीटच होते. तरी ती बराच वेळ ते नीट करत राहिली.

मग उठली, नाक पुसलं आणि खुर्ची वळवली. "बाजू! बाजू व्हा! म्हातारी येतेय!" मी हाक मारली, पण त्या गलक्यात तिला ऐकू गेली नाही. बोळाच्या टोकाला दोघी थांबल्या. एक्स-रे डावीकडे की उजवीकडे, यावरून त्यांचं जुंपलं होतं. म्हातारीचा हात एका दिशेला, दमयंतीचा दुसऱ्या. शेजारी पाटी होती, शिपाई होता, पण विचारायचं नाव कुणी घेईना. शेवटी म्हातारी जिंकली, आणि भांडत भांडत मायलेकी चुकीच्या बाजूला निघून गेल्या.